गो-टू दुर्बीण दुसऱ्या रात्री भलतीकडेच का वळते?

पहिलीदुर्बीण, ८ मार्च, सकाळी ७.१०

नमस्कार मंडळी. रात्रभर डोक्यात हाच विषय होता, म्हणून उठल्या उठल्या लिहितो आहे.

गेल्या महिन्यात संगणकीय दुर्बीण घेतली. श्मिट-कॅसेग्रेन जातीची (पुढे काच, आत आरसे), व्यास १५० मिमी, नाभीय अंतर १५०० मिमी, सोबत २५ मिमीचं आयपीस, म्हणजे डोळा लावायचं भिंग. एका दांड्याला नळी अडकवलेली, खाली मोटर आणि वायरने जोडलेला हँड कंट्रोलर. यादीतून नाव निवडायचं की दुर्बीण आपोआप तिकडे वळते.

पहिली रात्र २२ फेब्रुवारीची. स्थळ, वेळ, तारीख भरली आणि दोन ताऱ्यांची अलाइनमेंट केली, म्हणजे दोन ताऱ्यांवर नळी लावून यंत्राला दिशा ओळखून दिली. पहिला व्याध. दुसरा ब्रह्महृदय, तो यंत्रानेच सुचवला. तिकडे वळून दुर्बीण ताऱ्यापासून बरीच लांब थांबली. हात ताणून धरला तर दोन मुठी बसतील एवढं अंतर. मी मोबाइलवर बघून तारा ओळखला आणि बटणांनी मधोमध आणला. असंच असतं असं वाटलं. त्यानंतर मात्र काय सांगू! मृगातला तेजोमेघ मागितला आणि तो आयपीसच्या मध्यात येऊन बसला. राखाडी-हिरवट धुकं, आणि त्याच्या पोटात चार बारीक तारे चिकटून. घरातल्या सगळ्यांना बोलावून दाखवला. कर्क राशीतला एम ४४ हा तारकागुच्छ तेवढा दिसला नाही, दोन-चार विखुरलेले तारे दिसले.

मग ढग आले. काल, ७ मार्चला आकाश मोकळं झालं. जागा तीच, ट्रायपॉडचे पाय त्याच खुणांवर. सगळं पुन्हा भरलं. ताऱ्यांच्या यादीत व्याध नाही. रोहिणी नाही, ब्रह्महृदय नाही. स्वाती, चित्रा, ज्येष्ठा, अभिजित अशी नावं. स्वाती नारिंगी असतो एवढं वाचलं होतं, म्हणून वर दिसणारा तेजस्वी नारिंगी तारा धरला. दुसरा म्हणून अभिजित निवडला, तर दुर्बीण जिथे थांबली तिथे ठळक असं काहीच नव्हतं. दोनदा अलाइनमेंट फसली. तिसऱ्यांदा एका पुसट ताऱ्यावर कशीबशी झाली. मग मृगातला तेजोमेघ मागितला, तर यंत्र म्हणतं की तो क्षितिजाखाली आहे. आणि मृग माझ्या डोळ्यांसमोर होता, उंच, लखलखीत!

मोटर बिघडली का? दुरुस्तीला पाठवायला जीव होत नाही. कुणी मार्ग दाखवेल का?

ध्रुवमत्स्य, ८ मार्च, सकाळी ८.४५

वीज कशावर आहे? नळीखालच्या कप्प्यात आठ सेल घालत असाल तर आधी ते बदला. मोटर जोरात फिरायला लागली की व्होल्टेज खाली बसतं आणि कंट्रोलर गोंधळतो. मध्येच रीस्टार्ट होतो, कधी नळी न थांबता फिरतच राहते. १२ व्होल्टचा बाहेरचा स्रोत लावा आणि पिनची वायर दांड्याला पट्टीने बांधा. ही पिन सैल बसते, नळी फिरताना वायर ओढली गेली की क्षणभर वीज जाते आणि सगळी अलाइनमेंट पुसली जाते.

पहिलीदुर्बीण, ८ मार्च, सकाळी ९.०५

सेल नाहीत, १२ व्होल्टचा ॲडाप्टर आहे. रीस्टार्ट एकदाही झाला नाही. मोटरचा आवाजही पहिल्या रात्रीसारखाच एकसुरी होता. पण वायर बांधून घेतो, ती खरंच सैल आहे.

थिओडोलाइट, ८ मार्च, दुपारी १.३०

तुमची मोटर ठीक आहे. दुर्बीण पाठवू नका.

मी तीस वर्षं जमीन मोजणीचं काम केलं आणि निवृत्तीनंतर दुर्बीण घेतली. यंत्र चुकीचं उत्तर देतं तेव्हा ते बहुतेक वेळा चुकीच्या प्रश्नाचं बरोबर उत्तर असतं, हे त्या कामात पुन्हा पुन्हा बघितलंय. तुमच्या यंत्राने काल रात्री काय उत्तर दिलं ते बघा. स्वाती, चित्रा, ज्येष्ठा, अभिजित हे सगळे वर आहेत आणि मृग मावळलेला आहे. असं आकाश संध्याकाळी आठच्या सुमारास कधी असतं? जुलैच्या सुरुवातीला. आणि काल तारीख कोणती होती? ७ मार्च. या कंट्रोलरमध्ये आधी महिना, मग दिवस, मग वर्ष असा क्रम असतो. तुम्ही आपल्या सवयीने ०७ आणि मग ०३ दाबलंत. यंत्राला कळलं ३ जुलै.

२२ फेब्रुवारीला हे का झालं नाही? २२ हा महिना असूच शकत नाही. यंत्राने ती तारीख घेतली नसणार आणि तुम्ही उलटी करून टाकली असणार. आठवून बघा. ही चूक महिन्याच्या पहिल्या बारा तारखांनाच होते. तेराव्या तारखेपासून यंत्र स्वतःच अडवतं, म्हणून एक रात्र सुरळीत जाते, दुसरी बिघडते आणि माणूस मोटरवर संशय घेतो.

खात्री करायची असेल तर स्टेलॅरियम हा मोफत प्रोग्रॅम उघडा. तुमचं ठिकाण घाला, वेळ रात्री आठ, तारीख आधी ७ मार्च आणि मग ३ जुलै करा. दुसऱ्या चित्रात तुमच्या कंट्रोलरची कालची यादी जशीच्या तशी दिसेल. मधल्या ११८ दिवसांत आकाश साधारण ११६ अंशांनी पुढे सरकतं, दिवसाला जेमतेम एक अंश. तुम्ही धरलेला नारिंगी तारा स्वाती नव्हताच. मार्चच्या सुरुवातीला आठ वाजता स्वाती अजून उगवलेलाही नसतो. वर दिसला तो मृगातला काक्षी, म्हणजे बेटलज्यूस असणार. रंग सारखा असल्यामुळे फसायला होतं.

आता हे यंत्र काय करतं ते नीट सांगते, कारण ते समजलं की पुढच्या अर्ध्या तक्रारी उरत नाहीत. ही दुर्बीण आकाश बघत नाही. तिच्यात कॅमेरा नाही. आपण पहिल्या ताऱ्यापासून नळी किती अंश आडवी फिरवली आणि किती अंश वर उचलली, एवढंच तिला मोजता येतं. बाकी सगळं गणित: स्थळ, तारीख आणि वेळ यांवरून या घटकेला कोणता तारा कुठे असायला हवा. मग तुम्ही दोन ताऱ्यांवर नळी लावून सांगता की हा रोहिणी आणि हा मघा, आणि ती आपलं गणिताचं आकाश खऱ्या आकाशावर बसवते. मोजणीत आम्ही नेमकं हेच करायचो. अनोळखी माळावर यंत्र मांडायचं, दोन ज्ञात बिंदूंवर नजर लावायची, त्यावरून यंत्र कुठल्या दिशेला तोंड करून आहे ते ठरवायचं आणि मगच बाकीची जमीन मोजायची. ज्ञात बिंदू म्हणून भलताच दगड धरला तर पुढचा सगळा नकाशा वाकडा. काक्षीला स्वाती म्हणणं म्हणजे भलता दगड धरणं.

तेव्हा आज असं करा.

उजेड असतानाच फाइंडर, म्हणजे नळीवरचा नेम धरायचा लाल ठिपका, लावून घ्या. हे बहुतेक जण रात्रीवर ढकलतात आणि अंधारात चाचपडतात. दूरचा एखादा मनोरा किंवा खांबाचं टोक घ्या, निदान अर्धा किलोमीटर लांबचं. ते आयपीसच्या मध्यात आणा आणि फाइंडरचा लाल ठिपका त्याच टोकावर येईपर्यंत स्क्रू फिरवा. तिरक्या आरशामुळे आयपीसमध्ये चित्र सुलट पण डावं-उजवं उलटं दिसेल, त्याने गोंधळू नका. सूर्य आकाशात असताना नळी त्याच्या आसपासही नेऊ नका, आणि मुलं घरात असतील तर झाकण लावल्याशिवाय दुर्बिणीपासून दूर जाऊ नका. सूर्यावर गेलेली नळी क्षणात डोळा कायमचा घालवते.

ट्रायपॉड पाणसळीने समतल करा, पण त्यापायी जिवाचा आटापिटा नको. दोन तारे नीट दिले की थोडा तिरपेपणा गणितात सामावतो. समतल असण्याचा फायदा एवढाच की दुसऱ्या ताऱ्याकडे वळताना दुर्बीण फार लांब थांबत नाही. नळी मात्र तासभर आधी बाहेर ठेवा. आतली हवा गरम असेल तर तारे उकळत्या पाण्यातून बघितल्यासारखे थरथरतात.

तारे कोणते घ्यायचे? मार्चमध्ये आठ-साडेआठला पश्चिमेकडे रोहिणी आणि पूर्वेकडे मघा. दोघांतलं अंतर ८० अंशांच्या आसपास आहे, आणि दोन तारे ९० अंशांच्या जितके जवळपास तितकं गणित पक्कं बसतं. शेजारशेजारचे दोन तारे घेऊ नका. मोजणीत दहा फुटांवरचे दोन खुंट धरून मैलभराची रेषा आखल्यासारखं होतं ते. अगदी डोक्यावरचा ताराही नको. खमध्याजवळ आडवी मोटर कितीही फिरली तरी नळीचं तोंड जेमतेम हलतं, त्यामुळे तिथली आडव्या दिशेची नोंद कच्ची राहते. क्षितिजालगतचा तारा हवेच्या वक्रीभवनाने उचललेला असतो, तोही टाळा.

तारा मधोमध आणताना दोन गोष्टी. पहिली म्हणजे फोकस मुद्दाम बिघडवा. या जातीच्या दुर्बिणीत तारा मोठ्या कंकणासारखा दिसायला लागतो, मध्ये दुय्यम आरशाचं काळं भोक. ठिपका मध्यावर आहे की नाही हे डोळ्याला कळत नाही, पण कंकण एका बाजूला गेलं तर लगेच खुपतं. दुसरी म्हणजे शेवटचा हलका धक्का नेहमी वरच्या आणि उजव्या बाणाने द्या. तारा त्या बाजूने पुढे निघून गेला तर बराच मागे आणा आणि पुन्हा वर-उजवीकडून या. दातेरी चाकांमध्ये फट असते. गो-टू करताना यंत्र शेवटी ठरलेल्या एकाच बाजूने येतं, म्हणून तुम्हीही त्याच बाजूने आलात तर दात त्याच कडेला टेकलेले राहतात. काही मॉडेलमध्ये हे बाण वेगळे असतात, पुस्तिकेत बघून घ्या. थिओडोलाइटचा, म्हणजे कोन मोजायच्या यंत्राचा, स्क्रूसुद्धा आम्ही एकाच बाजूने फिरवून थांबवायचो. हे नवं शिकलेल्या पोरांना कटकट वाटायची, पण ज्यांनी पाळलं त्यांचं काम पुन्हा करावं लागलं नाही.

अक्षांश-रेखांशांची फार काळजी नको, यादीतलं जवळचं मोठं शहर चालतं. फक्त पूर्व-पश्चिम बघा. मी पहिल्या आठवड्यात पूर्वऐवजी पश्चिम ठेवलं होतं आणि चार रात्री गमावल्या. त्या चार रात्रींची अजून चुटपुट लागते, कारण त्यानंतर पंधरा दिवस ढग होते.

दवबिंदू, ८ मार्च, संध्याकाळी ५.५०

थिओडोलाइट ताईंनी मुख्य दुखणं पकडलं आहेच. एम ४४ चं राहिलं, ते मी सांगतो.

पहिल्या रात्री दुर्बीण बरोबर एम ४४ वरच होती. नळीचं नाभीय अंतर १५०० भागिले आयपीसचं २५, म्हणजे तुमचं वर्धन ६० पट. साध्या आयपीसचं दृश्यक्षेत्र ५० अंशांच्या आसपास असतं, त्याला ६० ने भागा: आकाशाचा ०.८३ अंश, म्हणजे ५० कला. पौर्णिमेचा चंद्र ३० कलांचा, तो आरामात मावतो. एम ४४ मात्र दीड अंशाहून जरा मोठा. तुम्ही गुच्छाच्या आत उभे होतात, म्हणून गुच्छ दिसला नाही. कृत्तिकांचंही तेच होणार. या दोघांसाठी १०×५० ची साधी द्विनेत्री घ्या, त्यांना ती जास्त शोभते.

तुमच्या नळीला मार्चमध्ये काय साजतं? सारथीतला एम ३७ आणि मिथुनातला एम ३५ हे तारकागुच्छ, दोन्ही मावतात. मिथुनातला कॅस्टर हा जोडतारा, दोघांत ५ ते ६ विकलांचं अंतर (विकला म्हणजे कलेचा साठावा भाग). १० मिमीचं आयपीस लावून १५० पट केलंत की दोन शुभ्र हिरे सुटे दिसतात, मधली काळी फटसुद्धा. सप्तर्षीतल्या एम ८१ आणि एम ८२ या दीर्घिका एकमेकींपासून ३८ कलांवर आहेत, २५ मिमीमध्ये दोघी एकदम. त्यांना काळोख हवा. कंट्रोलरच्या यादीत चाळीस हजार नावं असली तरी दिव्यांच्या उजेडात त्यातली बहुतेक दिसत नाहीत. दुर्बीण जागेवर जाते आणि तिथे काहीच नाही असं वाटतं. त्यात दोष यंत्राचा नसतो, तुमच्या डोळ्यांचाही नसतो.

आणि पुढच्या काचेवर दव धरतं. जाड कागदाची किंवा फोमची नळी करून पुढे चढवा, नळीच्या व्यासाच्या दीडपट लांब. काच फडक्याने पुसू नका कधीच.

पहिलीदुर्बीण, १० मार्च, सकाळी ६.४०

ताई, तारीखच होती! २२ तारखेला ती दोनदा टाकावी लागली होती, तुम्ही लिहिलंत आणि लख्ख आठवलं. स्टेलॅरियममध्ये ३ जुलै टाकून बघितलं. माझी ती रात्रच समोर उभी राहिली, मृग गायब आणि स्वाती जवळजवळ डोक्यावर.

काल ९ तारीख. आधी ०३, मग ०९. यादीत व्याध, रोहिणी, मघा सगळे हजर. रोहिणी घेतला, कंकण करून मध्यात आणला, शेवटी वर आणि उजवीकडे. मग मघा. दुर्बीण मघापासून पुन्हा दोन मुठी लांब थांबली, पण आता मघा मला ओळखता येतो. त्याच्या डोक्यावरचा कोयता शोधला की झालं. तोही मध्यात आणला. अलाइनमेंट एका फटक्यात.

मग बसलोच. मृगातला तेजोमेघ मध्यात. एम ३७ मध्यात, आणि त्याच्या मधोमध एक तांबूस तारा आहे, तो कुणी सांगितला नव्हता! एम ३५ मध्यात. कॅस्टर १५० पटीने बघितला. काळी फट दिसली, हवा क्षणभर स्थिर झाली की स्वच्छ, मग पुन्हा थरथर. अर्धा तास त्याच फटीकडे बघत होतो. इतक्या लांबच्या दोन सूर्यांमधली मोकळी जागा आपल्या अंगणातून दिसते हे अजून पचत नाहीये. एम ८१ चा अगदी पुसट डाग दिसला, एम ८२ नाही.

एक गोष्ट मात्र जुळत नाही. चंद्र कृत्तिका-रोहिणीच्या भागातच होता, साधारण अर्धा. म्हटलं शेवटी चंद्र बघू. यादीतून निवडला, तर दुर्बीण गेली पण चंद्र अर्धवट कडेला. पुन्हा मागितला, पुन्हा तसाच. लगेच परत तेजोमेघ मागितला, तो अचूक मध्यात. तारे बरोबर आणि चंद्रच तेवढा चुकीचा, असं कसं होईल? मोटर बंद करून बघितलं तेव्हा चंद्र कडेवरून सरकत सरकत दोनेक मिनिटांत मध्यावर आला आणि पलीकडे निघून गेला.

थिओडोलाइट, १० मार्च, सकाळी ९.२०

किती चांगली नोंद केलीत! मोटर बंद करून सरकण्याची दिशा आणि वेळ बघितलीत, त्यातच उत्तर आहे. आणि एक चूक माझीही: तुमच्या पहिल्याच पोस्टमध्ये याची खूण होती, ती मी वाचून पुढे गेले. दुसरा तारा दोन मुठी लांब. हात ताणून धरलेली मूठ साधारण दहा अंशांची. समतल ठेवलेली दुर्बीण दुसऱ्या ताऱ्याला वीस अंश चुकत नाही.

मोटर थांबली की पृथ्वीच्या फिरण्याने आकाश आयपीसमधून पश्चिमेकडे वाहतं, चार मिनिटांत एक अंश. चंद्र दोन मिनिटांत कडेवरून मध्यावर आला, म्हणजे तो मध्यापासून अर्धा अंश पूर्वेला होता. चंद्र ताऱ्यांमधून तासाला सुमारे अर्धा अंश पूर्वेकडेच सरकतो. थोडक्यात, तुमचं यंत्र चंद्राला तासाभरापूर्वीच्या जागी शोधतं आहे. त्याचं घड्याळ एक तास मागे आहे.

वेळ भरल्यावर कंट्रोलर विचारतो, स्टँडर्ड टाइम की डेलाइट सेव्हिंग? तुम्ही डेलाइट सेव्हिंग ठेवलं असणार. उन्हाळ्यात घड्याळं तासभर पुढे करणाऱ्या ठिकाणांसाठी तो पर्याय आहे. तो निवडला की यंत्र तुम्ही दिलेल्या वेळेतून एक तास वजा करतं. ही निवड ते लक्षातही ठेवतं, म्हणून दोन्ही रात्री तीच चूक झाली.

मग तारे का चुकले नाहीत? एक तास म्हणजे आकाश १५ अंश फिरलेलं. पण ते सगळंच्या सगळं एकसारखं फिरलेलं असतं, आणि दोन तारे दाखवून तुम्ही नेमकी तीच फिरवाफिरव दुरुस्त केलीत. तारे एकमेकांच्या तुलनेत हलत नाहीत, त्यामुळे त्यांच्यापुरता प्रश्न मिटला. चंद्र हलतो. तो ताऱ्यांमध्ये कुठे आहे हे दोन ताऱ्यांवरून कळत नाही, ते घड्याळावरूनच काढावं लागतं. हाताशी चंद्र असल्यामुळे ही चूक सापडली. नाहीतर दुसरा तारा लांब थांबतो हीच दुर्बिणीची रीत समजून तुम्ही वर्षभर चालवून घेतलं असतं.

स्टँडर्ड टाइम करा. वेळ मोबाइलच्या घड्याळावरून मिनिटापर्यंत भरलीत तरी पुरे. चंद्र बराच वेळ बघायचा असेल तर ट्रॅकिंगचा, म्हणजे मोटरने मागोवा घेत राहण्याचा, वेग ताऱ्यांऐवजी चंद्राचा ठेवा, नाहीतर तासाभरात तो स्वतःच्या रुंदीएवढा सरकेल. आणि आवरताना नळी न हलवता हायबरनेट करून वीज बंद केलीत, तर दुसऱ्या रात्री फक्त वेळ आणि तारीख विचारेल, अलाइनमेंट नाही. अर्थात ट्रायपॉडला कुणाचा पाय लागला नाही तर.

एम ८२ साठी चंद्र मावळेपर्यंत थांबा. आत्ता त्याच्याच उजेडात ती बुडते आहे.

पहिलीदुर्बीण, ११ मार्च, रात्री ९.१५

दुर्बिणीशेजारूनच लिहितोय. हो, डेलाइट सेव्हिंग होतं. यादीत पहिलं दिसलं म्हणून तेच दाबलं होतं. स्टँडर्ड केलं. रोहिणी लावला, मघा मागितला, तो लाल ठिपक्यापासून बोटभर अंतरावर. चंद्र मध्यात. सावलीच्या कडेवर विवरांची रांग आहे, एकाच्या तळात अंधार आणि मधलं शिखर तेवढं उजळलेलं. आई स्टुलावर बसून बघते आहे, उठायला तयार नाही. एम ८२ साठी चंद्र मावळेपर्यंत जागणार आहे.